गृहोद्योग : ओवणाऱ्या हाताचा रोज

घरी बसून दागिने करणाऱ्या भगिनी आज आपल्या प्रत्येक मोठ्या शहरात आढळतात. कोणी मोत्यांची नथ बांधते, कोणी काचमण्यांच्या माळा ओवते, तर कोणी भाजलेल्या मातीच्या मण्यांचे डूल करते. प्रारंभी मैत्रिणी, शेजारणी व नातलग माल घेतात, कौतुकही करतात, आणि दोन-चार महिने उत्साहात जातात. त्यानंतर मात्र एक प्रश्न उभा राहतो. वस्तू विकल्या जातात, पैसाही हाती येतो, मग महिनाअखेरीस शिल्लक का दिसत नाही? घरातील माणसेही हळूहळू या कामास ‘फावल्या वेळचा छंद’ म्हणू लागतात आणि करणारीलाही तसेच वाटू लागते. छंद असावाच, परंतु ज्या कुटुंबास या कामातून मुलांच्या फीचा किंवा घरभाड्याचा काही भार उचलून हवा आहे, त्यास छंद आणि उद्योग यांतील भेद ओळखणे भाग आहे. या खेपेस त्याचाच विचार करू.

उदाहरणासाठी आपण राजधानी दिल्ली आणि तिच्या भोवतीचा गाझियाबाद, नोएडा, फरीदाबाद व गुरुग्राम हा पट्टा घेऊ. या उद्योगास लागणारा कच्चा माल, हौशी गिऱ्हाईक आणि विक्रीच्या सार्वजनिक जागा या तिन्ही गोष्टी तेथे एका दिवसाच्या येण्याजाण्यात सापडतात. पहाडगंज आणि करोलबाग या भागांत मराठी कुटुंबे फार पूर्वीपासून राहत आली आहेत आणि आता ती साऱ्या पट्ट्यात पसरली आहेत. तेथे जे नियम लागू पडतात ते थोड्या फरकाने नागपूर, इंदूर वा बेळगाव येथील वाचकांनाही उपयोगी पडतील.

पहिला हिशेब

दागिन्याची किंमत ठरविताना बहुतेक जणी मण्यांची, तारेची व आकड्याची किंमत मांडतात, तीवर थोडा ‘नफा’ चढवितात आणि वस्तू विकतात. या हिशेबात एक मोठा खर्च गळून गेलेला असतो, तो म्हणजे स्वतःच्या वेळेचा. दुसऱ्या कोणाकडून तेच काम करवून घेतले असते तर तिला रोज द्यावा लागला असता. आपण स्वतः केले म्हणून तो खर्च शून्य होत नाही. उद्योगास उद्योगाचे रूप द्यावयाचे असेल तर किमतीच्या कागदावर मजुरीची ओळ लिहिली गेलीच पाहिजे, आणि तीही मालाच्या ओळीइतक्याच स्पष्टपणे.

ही मजुरी किती धरावी? त्यासाठी एक सरकारी माप हाताशी आहे. दिल्लीत एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे कुशल कामगाराचे किमान वेतन महिना २२,४११ रुपये ठरले. महिन्याचे २६ दिवस व दिवसाचे आठ तास धरले तर ते ताशी सुमारे १०८ रुपये पडते. स्वतःचा उद्योग करणाऱ्यास हा दर कायद्याने मिळत नाही. परंतु आपल्या हातास निदान इतके तरी मिळावे, हे ठरविण्यास तो उत्तम आहे. अन्य राज्यांतील वाचकांनी आपापल्या राज्याचा दर घ्यावा.

आता समजा, एक दुपदरी काचमण्यांची माळ करावयाची आहे. मणी, तार व आकडा मिळून ९५ रुपये. डबी व पिशवी १५ रुपये. काम सव्वा तासाचे, म्हणजे मजुरी १३५ रुपये. यांखेरीज महिन्याचा वरखर्च असतो. बाजाराच्या फेऱ्यांत गेलेले दहा तास १,०८० रुपयांचे, गाडीभाडे ४०० रुपये, आणि दिवा, दूरध्वनी, हत्यारांची झीज व फुटतूट मिळून ९२० रुपये. एकूण २,४०० रुपये. महिन्यास ८० माळा होत असतील तर प्रत्येकीच्या वाट्यास ३० रुपये येतात. सर्वांची बेरीज २७५ रुपये झाली. विक्रीसाठी, म्हणजे गाळ्याचे भाडे, दलाली, तेथे बसण्याचा वेळ यांसाठी, किमतीचा पाचवा हिस्सा आणि धंद्याच्या वाढीसाठी दहावा हिस्सा राखून ठेवावयाचा म्हटले तर माळेची किंमत सुमारे ३९५ रुपये येते.

हीच माळ संकोचापोटी २५० रुपयांस दिली तर काय होते, तेही पाहावे. माल, डबी व वरखर्च यांचे १४० रुपये गेले, विक्रीखर्चाचे ५० रुपये गेले, उरले ६० रुपये. सव्वा तासाच्या कामास ६० रुपये म्हणजे ताशी ४८ रुपये. वाढीसाठी एक पैसाही उरला नाही. अशा दराने जितक्या अधिक माळा विकाव्या तितके डोळे अधिक शिणतात आणि घर होते तेथेच राहते. ‘विक्री चांगली आहे, पण पैसा दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. गिऱ्हाईक ३९५ रुपये देण्यास तयार नसेल तर त्यावर तीनच उपाय आहेत : कामास लागणारा वेळ कमी करणे, नमुना अधिक मोलाचा करणे, किंवा तो नमुना सोडून देणे. चौथा उपाय, म्हणजे आपली मजुरी मुकाट्याने सोडून देणे, हा वहीतून कायमचा खोडून टाकावा.

मालाची खरेदी

जुन्या दिल्लीतील सदर बाजार घाऊक मालासाठी प्रसिद्ध आहे. चांदणी चौकालगतच्या किनारी बाजारात जर, गोटा, किनार, लटकन असे सजावटीचे सामान मिळते, तर दरीबा कलाँ ही चांदीची जुनी गल्ली. जरा दूर पाहिले तर उत्तर प्रदेशातील फिरोजाबाद काचेसाठी, हाथरस जिल्ह्यातील पुरदिलनगर काचमण्यांसाठी आणि मुरादाबादनजीकचे संभळ शिंगाच्या व हाडाच्या मण्यांसाठी नावाजलेले आहे. या गावांचा माल दिल्लीच्या बाजारात येतोच. परंतु आपण जे मणी हाताळतो ते कोठे घडतात हे ठाऊक असले म्हणजे भाव विचारताना आणि गिऱ्हाइकास माहिती सांगताना शब्दांस वजन येते.

घाऊक बाजाराचा मोह मात्र मोठा असतो. किलोच्या भावाने मणी स्वस्त पडतात म्हणून पोतीभर आणले जातात, आणि त्यांतील निम्मे वर्षानुवर्षे डब्यांतून पडून राहतात. पडून राहिलेला मणी म्हणजे अडकून पडलेला पैसा. ज्या नमुन्यांची विक्री वहीत नोंदलेली आहे त्यांच्यापुरता, सहा-आठ आठवड्यांचा माल घ्यावा; नव्या रंगाचा मणी आणावयाचा तर दहा-बारा नगांपुरताच आणावा. पावती मागून घ्यावी आणि घरी येताच वजन वा संख्या पडताळावी. एकाच रंगाचे मणी दुसऱ्या खेपेस थोड्या वेगळ्या छटेचे येतात, म्हणून प्रत्येक मालाचा एक नमुना चिठ्ठी लावून जपून ठेवावा.

थोडे नमुने, चोख काम

नवशिक्या कारागिणीच्या पेटीत शंभर नगांचे शंभर नमुने असतात. ते पाहावयास मोहक. परंतु प्रत्येक नग नव्याने जुळवावा लागत असल्याने वेळ फार जातो, आणि ‘अशीच आणखी एक द्या’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास नकार द्यावा लागतो. त्याऐवजी आठ-दहा नमुने निश्चित करावेत, त्यांची मापे लिहून ठेवावीत आणि कामाची विभागणी करावी. एका दिवशी मणी निवडून वाट्यांत मांडणे, दुसऱ्या दिवशी तारा कापणे, मग एका बैठकीत ओवणे व शेवटी सर्वांस आकडे लावणे. असे केल्याने सव्वा तासाची माळ पंचावन्न मिनिटांत होऊ लागली तर तिची मजुरी १३५ वरून ९९ रुपयांवर येते. भाव न वाढविता बचत झाली, आणि हाताचा दर तोच राहिला.

नमुन्यांत आपल्या प्रांताची ओळख असली तर अधिक बरे. मोत्यांची नथ, तन्मणी, चिंचपेटी, ठुशी हे आकार दिल्लीच्या बाजारातील नेहमीच्या मालाहून वेगळे उठून दिसतात. पंजाबी वा बंगाली गिऱ्हाइकास त्यांचे नाव व घालण्याची रीत सांगावी लागते, आणि त्या सांगण्यातूनच वस्तूविषयी आवड उत्पन्न होते. मात्र टोचलेल्या नाकासाठी आणि न टोचलेल्या नाकासाठी, अशी चापाची, नथ वेगवेगळी हवी. परप्रांतीय गिऱ्हाईक बहुधा दुसरी मागते.

चोखपणाविषयी दोन गोष्टी विशेष सांगावयाच्या आहेत. पहिली त्वचेसंबंधी. स्वस्त आकड्यांत व डुलांच्या तारेत पुष्कळदा निकेल हा धातू असतो आणि कित्येकांच्या कानास त्याने खाज, पुरळ व चिघळ येते. एकदा कान चिघळला की ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून माळ कशाचीही असो, कानात वा नाकात जाणारी तार चांदीची किंवा शस्त्रक्रियेच्या उपकरणांस वापरतात त्या प्रतीच्या पोलादाची घ्यावी. दुसरी गोष्ट नावासंबंधी. बाजारात ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जो धातू मिळतो त्यात चांदीचा अंशही नसतो. ती तांबे, जस्त व निकेल यांची मिश्रधातू होय. तीस ‘चांदी’ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि अज्ञानाने केलेली असली तरी तिचे फळ तेच. खऱ्या चांदीच्या वस्तूवर शुद्धतेचा हॉलमार्क उमटविता येतो. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही, तो ऐच्छिक ठेवून, प्रत्येक नगाचा स्वतंत्र ओळखक्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. प्रत्येक डबीत एक लहान चिठ्ठी घालावी : वस्तू कशाची आहे, पाणी व अत्तर यांपासून कशी जपावी, आणि दुरुस्ती कोठे होईल. तुटलेली माळ बिनबोभाट पुन्हा ओवून देणारी कारागीण शेजारच्या चार घरांत आपोआप माहीत होते.

२०२५ साली चांदीचे भाव वेगाने चढले. अशा वेळी महिन्यापूर्वी सांगितलेल्या किमतीत काम स्वीकारले तर मजुरी धातूच्या भावात बुडते. म्हणून चांदीच्या कामाची किंमत सांगताना ती किती दिवस टिकेल तेही सांगावे, आणि धातूचे पैसे आगाऊ घ्यावेत.

कारागीर आणि गिऱ्हाईक यांची गाठ

हातकामाची वस्तू गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो मध्यस्थांच्या हातांत किती पैसा जातो, हा प्रश्न दिल्लीत नवा नाही. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येथे आले तेव्हा कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या पुढाकाराने १९४८ साली इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन स्थापन झाली. या संस्थेने फरीदाबादसारख्या ठिकाणी निर्वासितांच्या सहकारी उद्योगांस हातभार लावला, आणि १९५२ पासून दिल्लीतील कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियमचा कारभारही सांभाळला. त्याच वर्षी अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन झाले व कमलादेवींनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषविले. ग्रामीण हस्तकलेस शहरी गिऱ्हाईक मिळवून देणे आणि कारागिरास योग्य मोल मिळणे, ही दोन सूत्रे त्या कार्यामागे होती.

पुढे १९८१ साली ‘दस्तकार’ ही संस्था निघाली आणि १९८७ पासून फरीदाबादनजीक सूरजकुंड येथे हस्तकलांचा मेळा भरू लागला. १९९४ साली आय.एन.ए. बाजारासमोर ‘दिल्ली हाट’ उघडली. जया जेटली यांच्या कल्पनेतून ती साकार झाली. तेथे कारागिरांस आळीपाळीने, एका वेळी पंधरा दिवसांसाठी, गाळे मिळावेत अशी योजना आहे, त्यामुळे एकाच दुकानदाराची मक्तेदारी होऊ नये आणि गिऱ्हाइकांस दर पंधरवड्यास नवा माल दिसावा. पीतमपुरा येथे २००८ साली व जनकपुरीस २०१४ साली अशाच हाटा झाल्या. अशा ठिकाणी गाळा मागण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तकला विकास आयुक्तांकडून मिळणारे कारागीर ओळखपत्र उपयोगी पडते. ते काढण्यास वेळ लागतो, म्हणून मेळ्याचा दिवस ठरण्यापूर्वीच अर्ज करावा.

तथापि प्रदर्शन म्हणजे मिळकत नव्हे. गाळ्याचे भाडे, येण्याजाण्याचा खर्च, जेवण, तेथे घालविलेले दिवस आणि न विकलेला माल हे सर्व वजा करून काय उरले ते प्रत्येक खेपेस लिहावे. दोन प्रदर्शनांत विक्री सारखी असूनही एकात नफा व दुसऱ्यात तोटा निघतो. प्रदर्शनाचे खरे उत्पन्न पुष्कळदा नंतर येते, ते ओळखीच्या झालेल्या गिऱ्हाइकांकडून. त्यांचे नाव, त्यांच्या संमतीने त्यांचा दूरध्वनी क्रमांक, आणि त्यांनी काय घेतले हे वहीत नोंदवावे, व सणापूर्वी एकदा नव्या नमुन्यांची चित्रे पाठवावीत. रोज उठून संदेश पाठविणे मात्र टाळावे. भ्रमणध्वनीवर विक्री करताना वस्तूचे चित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. माप न कळल्यामुळे परत येणारा माल बराच असतो.

आणखी एक सावधगिरी. ३० एप्रिल २०२५ रोजी आय.एन.ए.च्या दिल्ली हाटेत आग लागून अनेक गाळे जळाले आणि कारागिरांचा महिन्यामहिन्यांचा माल नष्ट झाला. सगळा माल एकाच ठिकाणी कधीही नेऊ नये, नेलेल्या मालाची यादी घरी ठेवावी, आणि मालाचे मोल वाढले की विम्याची चौकशी करावी.

दुकानदारास माल देताना

एक दिवस कोणी दुकानदार म्हणतो, ‘दरमहा चाळीस माळा द्या.’ हा आनंदाचा क्षण असतो, म्हणूनच त्या वेळी वही उघडावी. दुकानदार आपले भाडे, नोकर व नफा यांसाठी विक्रीच्या किमतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक ठेवू मागेल. आपल्या ३९५ रुपयांच्या माळेतून तिसरा हिस्सा गेला तर हाती २६३ रुपये येतात. सव्वा तासाने होणाऱ्या माळेचा खर्च २७५ रुपये आहे, म्हणजे प्रत्येक नगामागे बारा रुपयांचा तोटा, आणि तो आपल्याच मजुरीतून. तीच माळ पंचावन्न मिनिटांत होत असेल तर खर्च २३९ रुपये, आणि २४ रुपये शिल्लक राहतात. म्हणून घाऊक माल देण्यापूर्वी कामाचा वेग आणि किंमत या दोन्ही गोष्टी स्थिर झालेल्या असाव्यात. माल विकला गेल्यावर पैसे, अशी बोली असेल तर नगांची यादी, मुदत आणि तुटफुटीची जबाबदारी लिहून सही घ्यावी. तोंडी व्यवहारात मैत्रीही जाते आणि पैसाही.

वर्षाचे गणित

दागिन्यांचा धंदा बारा महिने सारखा चालत नाही. श्रावणातील तीज, करवा चौथ, दिवाळी, त्यानंतरची लग्नसराई आणि फेब्रुवारीतील सूरजकुंडचा मेळा, हे दिल्लीकडील भरतीचे काळ. मे-जूनच्या उन्हात बाजार मंदावतो. मराठी घरांत गौरी-गणपती आणि संक्रांत ही आणखी दोन निमित्ते. मंदीच्या महिन्यांत नव्या नमुन्यांची तयारी करावी, आणि भरतीच्या महिन्यांतील शिल्लक त्या वेळच्या घरखर्चासाठी बाजूस ठेवावी. वर्षभराच्या मिळकतीस बाराने भागून जो आकडा येतो तीच आपली खरी मासिक मिळकत; दिवाळीच्या महिन्याच्या आकड्यावर घरभाड्याचा किंवा कर्जाच्या हप्त्याचा बेत आखू नये.

या ठिकाणी हलव्याच्या दागिन्यांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. खसखस, तीळ किंवा साबुदाणा यांवर पाक सोडीत मंद आचेवर परातीत हलवीत राहून काटेरी हलवा करावयाचा, आणि तो ओवून वा चिकटवून नववधूच्या पहिल्या संक्रांतीस हार, बाजूबंद, नथ व बाळाच्या बोरन्हाणास मुकुट, बासरी घडवावयाची, ही कला आपल्याकडील अनेक घरांची मिळकत आहे. महाराष्ट्राबाहेर ती जाणणारे हात थोडे आणि मागणी करणारी घरे मात्र आहेत, म्हणून दिल्लीसारख्या शहरी तीस चांगले मोल येऊ शकते. परंतु तिचा हंगाम संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा. त्यानंतर उरलेला संच कोणी घेत नाही. म्हणून डिसेंबरातच मागणी नोंदवून निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत, मागणीखेरीज संच करू नये, आणि दमट हवेत हलवा चिघळतो म्हणून तो हवाबंद डब्यात ठेवावा. आगाऊ रक्कम मागण्याचा संकोच ज्या भगिनींस वाटतो त्यांनी या कामापासून आरंभ करावा. मुदतीच्या मालासाठी आगाऊ रक्कम देणे गिऱ्हाइकासही रास्त वाटते.

पैसा, कागद आणि कर्ज

उद्योगाचे बँकेतील खाते घरखर्चाच्या खात्याहून निराळे असावे. आलेल्या पैशातून प्रथम मालाचे पैसे बाजूस काढावेत, मग आपली मजुरी ठरलेल्या तारखेस घराच्या खात्यात भरावी, आणि उरलेला नफा उद्योगातच ठेवावा. अडीनडीस घरातील कोणी मालाच्या पैशास हात घातला तर ती उचल म्हणून वहीत लिहावी व परत घ्यावी. यात कडवेपणा नाही. भांडवल खाल्ले गेले की पुढच्या महिन्याचे काम थांबते, आणि त्याचा तोटा साऱ्या घरास होतो.

लहान उद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, त्यासाठी कोणा मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. मुद्रा योजनेखाली, जी २०१५ साली सुरू झाली, ‘शिशु’ वर्गात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळू शकते. दिल्लीत केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जी.एस.टी.ची नोंदणी लागत नाही. परंतु दुसऱ्या राज्यात माल पाठविताना किंवा इंटरनेटवरील मोठ्या बाजारपेठांतून विकताना नियम वेगळे आहेत. नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम व फरीदाबाद हरियाणात मोडतात, हे या पट्ट्यातील उद्योगिनींनी विसरू नये, आणि जाणत्या सल्लागारास एकदा विचारून घ्यावे. कर्जाविषयी एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या नमुन्याची विक्री सहा महिने वहीत दिसत आहे त्याच्या वाढीसाठी कर्ज घ्यावे. विक्री होईल या आशेवर माल भरून ठेवण्यासाठी घेऊ नये.

दुसरे हात

मागणी वाढली की शेजारणीस काम देण्याची वेळ येते. येथे या उद्योगाची खरी कसोटी आहे. आपल्या मजुरीचा हिशेब ज्या मापाने केला त्याच मापाने तिचाही करावयास हवा. पंचावन्न मिनिटांच्या माळेस ९९ रुपये, तर केवळ ओवण्याच्या अर्ध्या तासास ५४ रुपये. ‘घरी बसून करते आहे, मिळेल ते पुष्कळ’ हा विचार ज्याने आपल्याला इतके दिवस गरीब ठेवले, तोच आपण दुसरीस लावू नये. इला भट्ट यांनी १९७२ साली अहमदाबादेस ‘सेवा’ ही संघटना उभी केली. घरी काम करणारी स्त्री हीदेखील कामगार आहे, ही गोष्ट त्या संघटनेने समाजास पटवून दिली. आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनेही घरकामगारांविषयी स्वतंत्र करार संमत करून त्यांना इतर कामगारांप्रमाणे वागविण्याचे तत्त्व मान्य केले. शेजारणीचा दर नगावर ठरवावा, परंतु तो प्रत्यक्ष घड्याळ लावून काढावा, आणि पैसे माल विकला जाण्याची वाट न पाहता आठवड्यास द्यावेत. मुलांच्या शाळेच्या आणि खेळण्याच्या वेळेवर या कामाचे ओझे पडू देऊ नये.

ज्यांचा उद्योग चालू आहे त्यांनी आजपासून तीन महिने एक साधी वही ठेवावी. तारीख, नमुना, मालाचा खर्च, लागलेली मिनिटे, कोठे विकला आणि किती रुपयांस, एवढे रकाने पुरेत. तीन महिन्यांनी प्रत्येक नमुन्याचा ताशी दर काढावा. ज्या नमुन्याचा दर आपल्या राज्याच्या किमान वेतनाइतका किंवा अधिक आहे, तो वाढवावा. ज्याचा थोडा कमी आहे, त्याचा वेळ वा भाव सुधारावा. ज्याचा निम्माही भरत नाही, तो कितीही लाडका असला तरी आप्तेष्टांस भेट देण्यापुरता ठेवावा. ही वही पतीस, सासूबाईंस आणि मोठ्या मुलांसही दाखवावी. कामाचे तास आणि त्यांचे मोल कागदावर समोर दिसले म्हणजे दुपारचे दोन तास निवांत मिळावेत, ही मागणी घरात समजावून सांगावी लागत नाही.